खंडेनवमीचा पाट

मोतीलाल बोरसे पाटापुढं नमस्काराला वाकला आणि वाकलेलाच राहिला. ज्योत्स्नाला वाटलं, कंबर धरली. ‘हळू जरा,’ ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली आणि पुन्हा पुरण वाटायला लागली. कंबर धरली नव्हती. पाटावर दरवर्षीसारखा घरातल्या हत्यारांचा संसार मांडला होता. विळा, कात्री, नारळाचा कोयता, आईचा अडकित्ता, मोतीलालचं शाईचं पेन, मुलाचे, नवलचे, पेचकस. सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं आणि एकेक झेंडू. आणि पेनाच्या शेजारी काळ्या प्लॅस्टिकचं काहीतरी आडवं पडलं होतं. त्यालाही हळद होती, कुंकू होतं. झेंडू त्याच्या कड्यात खोचला होता, आणि त्या कड्यात बोट घालायचं असतं हे मोतीलालइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर त्याची एकोणतीस वर्षं गेली होती. ते पिस्तूल होतं. आपल्या घरात, आपल्या पेनाशेजारी पिस्तूल होतं आणि बायकोनं त्याची पूजा केली होती.

‘हाई कोठून लयनी?’ त्यानं विचारलं. आवाज आपलाच आहे की नाही याची त्याला शंका आली.

‘नवलना कप्पामाथीन. त्याना यंत्रना भाग शे ना तो? पोऱ्याना कामनं बठ्ठं ठेवाले नको पाटवर?’

त्यानं हात पुढं केला तशी ती पुरणाच्या हातानिशी दारात आली. ‘आज उचलतस नही! उद्या दसराले उचलूत.’ तिचं बरोबर होतं. खंडेनवमीला पाटावर ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही, हा बोरशांच्या घरचा शिरस्ता. आज विळीवर भाजी चिरायची नाही, कात्रीनं दोरा कापायचा नाही, मोतीलालनं पेन हातात धरायचं नाही. हत्यारांना एक दिवस सुट्टी, वडील म्हणायचे. मोतीलालनं हात मागं घेतला. एकोणतीस वर्षांत त्यानं कुठला नियम मोडला होता, की आज मोडावा? मग आपण हात नेमका कशासाठी मागं घेतला हे लक्षात येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो पाटासमोरच्या खुर्चीत बसला. दार उघडं होतं. समोरच्या घरातल्या भागाबाई अंगणात तोरणाची पानं निवडत होत्या, आणि त्यांनी मान वर केली असती तर त्यांना सगळं दिसलं असतं. तो उठला, दार लोटलं, परत बसला. सणाच्या दिवशी दार लोटलेलं चांगलं दिसत नाही म्हणून पुन्हा उठला आणि अर्धं उघडलं.

वरच्या खोलीत नवलचं यंत्र होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते आणलं तेव्हा मोतीलाल जिना चढून पाहायला गेला होता. शेवया पाडाव्यात तसं एक बारीक तोंड प्लॅस्टिकची तार सोडत इकडून तिकडं फिरत होतं आणि पाहता पाहता खालून वस्तू उगवत होती. पहिल्या दिवशी ठिबकच्या नळीचा कोपरा उगवला. मग दातांच्या डॉक्टरांचे जबडे, बक्षिसांच्या ढाली, कुणाच्या मिक्सरचं तुटलेलं बटण. पोरगं हुशार, असं सगळे म्हणायचे आणि मोतीलाल नको नको म्हणत ते ऐकायचा. त्याच सुमारास कचेरीत वरून एक पत्र आलं होतं, अशा यंत्रांवर हत्यारं बनू शकतात, लक्ष ठेवावं. मोतीलालनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि सगळा विभाग हसला होता. प्लॅस्टिकची बंदूक, होळीला पोरांना वाटायला बरी. पत्राला त्यानं नीट भोक पाडून नस्तीत लावलं. लक्ष ठेवायचं म्हणजे कुणी कुणावर, हे पत्रात नव्हतं. परवान्याच्या टेबलावर बसून माणूस त्याच्यावरच लक्ष ठेवू शकतो जो टेबलासमोर येऊन उभा राहतो.

आणि समोर उभं राहणारे कसे असत? त्याचे वडील, नथ्थू बोरसे, तसे होते. एरंडोलजवळ, पद्मालयाच्या रानाकडेला त्यांची शेती. मक्याला कणसं धरली की रानडुकरं उतरायची, त्यांना भिववायला ठासणीची बंदूक. बंदुकीच्या नळीवर नंबर कोरलेला होता, पाच आकडी. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण तो नंबर त्यांच्या अंगठ्याला पाठ होता. ओसरीवर बसले की नळीवरून अंगठा फिरवत एकेक आकडा ते म्हणायचे, जप केल्यासारखे. निवडणूक लागली की सरकारचा हुकूम यायच्या आधीच बंदूक धोतरात गुंडाळून ठाण्यात जमा करायला चालत निघायचे. ‘बंदूक आपली नही रे पोऱ्या,’ म्हणायचे, ‘सरकारनी शे. आपले फक्त सांभाळाले देयेल शे.’ ती बंदूकही याच पाटावर, याच दिवशी ठेवली जायची. वडील गेले त्याच्या चौदाव्या दिवशी मोतीलालनं ती परत केली, कारण परवाना माणसाबरोबर संपतो. आई, धुरपदाबाई, त्याच्याशी महिनाभर धड बोलली नाही. ‘बापनी बंदूक परत करी उना. तुले काय म्हनाव?’ पाटावरची ती जागा तेव्हापासून रिकामी होती. ज्योत्स्नानं आज ती नकळत भरली होती.

त्यानं खुर्चीवरूनच वाकून त्या काळ्या वस्तूकडं पाहिलं. नंबर नव्हता. असणार कुठून, हे माहीत असूनही त्याचे डोळे आधी नंबरच शोधत होते. जगातल्या प्रत्येक हत्याराला नंबर असतो आणि प्रत्येक नंबरामागं एक माणूस असतो, एवढ्या एका गोष्टीवर तो एवढी वर्षं शांत झोपला होता. सातपुड्यापलीकडून चोरून येणाऱ्या गावठी कट्ट्यालासुद्धा बनवणारा असतो, विकणारा असतो, पिशवीत घालून एस्टीत बसणारा असतो, आणि त्यातला कुणीतरी घाबरून घाम पुसतो म्हणून पकडला जातो. कायद्याला धरायला कुठंतरी एक शेपूट लागतं. याला शेपूटच नव्हतं. मोबाइलमधून आलं, जिन्यावरच्या खोलीत उगवलं, खाली ठिबकचे कोपरे आणि वर हे. खोलीला दार होतं, पण दारावर काय लिहायचं? विनापरवाना शस्त्र बनवणं, सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. हे कलम त्यानं इतक्या पत्रांत लिहिलं होतं की पेन आपोआप चालायचं. सात वर्षं. नवल आता चोवीस वर्षांचा आहे. मोतीलालनं बेरीज केली आणि लगेच फोन हातात घेतला.

नवल कालच धुळ्याला माल पोचवायला गेला होता. फोन तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यानं उचलला. मागं बसचा आवाज होता.

‘तुझ्या आईनं तुझ्या कप्प्यातलं पाटावर ठेवलंय,’ मोतीलाल म्हणाला.

नवल हलक्या आवाजात म्हणाला, ‘बाबा, हात लावू नका. मी पारोळ्याच्या पुढं आलोय. येतोच.’

‘किती केलीस?’

‘करून पाहिलं फक्त. तो म्हणाला, तुझ्याच्यानं होणार नाही. म्हणून.’

‘नवल, किती केलीस?’

‘दोन.’ मग एकदम लहान पोरासारखा त्याचा आवाज चिरकला. ‘दुसरं परत मागायलाच गेलो होतो, बाबा. धुळ्याचं काम एका तासाचं होतं. कालपासून त्याच्या दारात बसलो होतो. देत नाही. लोखंडाचं जे लागतं ते त्यानं त्याचं करून घेतलंय. म्हणतो, उद्या काकाला सोनं द्यायचंय, दसऱ्याचं. हसत होता. मला वाटलं शोभेला ठेवील.’

‘कोण तो?’ मोतीलालनं विचारलं. विचारतानाच त्याला उत्तर ठाऊक होतं, आणि तरी जितेंद्रचं नाव कानावर आलं तेव्हा फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला.

जितेंद्र उन्हाळ्यात टेबलासमोर उभा राहिला होता. पारोळा तालुक्यातला, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टिळा. स्वसंरक्षणासाठी परवाना पाहिजे. कागद सगळे नीट लावलेले, टाचणीसुद्धा सरळ. पोलिसांचा अहवाल आला, अर्जदाराचा सख्ख्या काकाशी बांधावरून वाद, दोनदा हाणामारी. सोबत काकाचा जबाब होता, रतिलाल नाव, खाली अंगठा. पुतण्याला बंदूक मिळाली तर मी शेतात पाय ठेवणार नाही, असं कुणीतरी त्याच्या वतीनं लिहिलं होतं. टिपणी मोतीलालनं लिहिली. अर्ज नामंजूर करण्यास हरकत नसावी. साहेबांनी सही केली आणि मोतीलालला त्या दिवशी डबा गोड लागला, हे त्याला आत्ता आठवलं. कायदा म्हणजे काय हे बघायचं असेल तर ते पत्र बघावं, असं त्याला वाटलं होतं. एका माणसाला नाही म्हटलं आणि दुसरा माणूस शेतात पाय ठेवू शकला.

मग एका रविवारी तोच जितेंद्र घरी आला होता, केळीचा घड घेऊन. बोरसेकाकांना विनंती, पुन्हा विचार व्हावा. घड मोतीलालनं परत दिला, त्याबाबतीत तो कडक होता. पण अंगावर बनियन, डोक्याला तेल, आणि पाहुण्याला नुसतं कसं बसवायचं? ‘तू असं कर,’ तो म्हणाला होता, ‘वर जा, आमच्या पोराचं यंत्र बघ, मजा आहे. तोवर मी अंघोळ आटपतो.’ अंघोळीला बसल्यावर त्याला वरून दोघांचं हसणं ऐकू आलं होतं आणि बरं वाटलं होतं, की पोरगा आपल्यासारखा घुमा नाही, चार माणसांत मिसळतो. खाली नाही म्हटलं आणि वर पाठवला. हे त्यानं स्वतः केलं होतं. दुसरं कुणी नाही, त्यानं. आपल्या टेबलावरून परत पाठवलेला प्रत्येक माणूस कुठं जातो, याचा विचार एकोणतीस वर्षांत त्यानं एकदाही केला नव्हता. ते घरी जातात, असं तो धरून चालला होता.

उद्या. उद्या दुपारी सगळं गाव शीव ओलांडायला निघेल, आपट्याची पानं घेऊन एकमेकांच्या गळ्यात पडेल. त्या दिवशी वैऱ्यालासुद्धा कुणी नाही म्हणत नाही. रतिलालकाका पुढं येईल, कदाचित बरंच वाटेल त्याला, की पुतण्या आपणहून येतोय. मोतीलालनं त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पण त्याचा अंगठा पाहिला होता, जाड, शाई ओघळलेला, मधोमध विळ्याच्या जुन्या जखमेची आडवी रेघ. आणि वडिलांच्या अंगठ्यावरही तशीच रेघ होती की आपल्याला आत्ता तसं वाटतंय, हे त्याला ठरवता येईना. निनावी फोन करावा, काका, उद्या घराबाहेर पडू नका. तो म्हणणार, कोन बोली ऱ्हायना? आणि परवा? आणि तेरवा? कुणीतरी यावं आणि हे आपल्या हातातून घेऊन जावं, असं त्याला इतकं वाटलं की दाराची कडी वाजली तेव्हा तो जवळजवळ धावलाच.

दारात अभिमन होता, ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ, धुळ्याला पोलीस हवालदार. अंगात गणवेश नव्हता. सणाला येणार असल्याचं त्यानं कळवलंही नव्हतं. त्यानं पायातली चप्पल काढली, पाटाकडं एकदाच पाहिलं आणि बहिणीला हाक मारली. ‘अक्का, घरना ग्रुपवर जो फोटो टाका ना तू सकायले, तो काढी टाक पहिले.’

‘का रे? इतला चांगला उना!’

‘काढी टाक.’

ज्योत्स्नानं मोबाइल हातात घेतला आणि दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. फोटो पुसायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिला बरंचसं कळलं असावं, कारण ती परत स्वयंपाकघरात गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. मोतीलालला हायसं वाटलं. पोलीस आला, आपल्या रक्ताचा नसला तरी घरचा. त्यानं सगळं सांगितलं, टिपणी वाचावी तसं, क्रमानं: अर्ज, नामंजुरी, केळीचा घड, दोन नग, उद्याचं सोनं. अभिमन खाली बघून ऐकत होता.

‘दाजी,’ तो शेवटी म्हणाला, ‘मी आज सुटीवर शे. मी काहीच दखं नही.’

‘अभिमन, तो माणूस मरेल उद्या.’

‘हाई रुमालमा बांधूत, गिरणाना पुलवरथीन फेकी देऊत. यंत्र मी धुळाले लई जास. त्या जितेंद्रले मी दखी लिसू, दोन कानफटात देसू, आपसूक काढी दी.’

‘आणि नाही दिलं तर?’

अभिमननं कपाळावरचा घाम पुसला, आणि मोतीलालला एकदम दिसलं की हा माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय. धुळ्याहून तो कायदा घेऊन आला नव्हता, भाच्याला लपवायला आला होता. आपण दोघं मिळून सरकार आहोत, मोतीलालच्या मनात आलं, एक परवाना देणारा आणि एक पकडणारा, आणि आपण दोघंही नदीचा पूल शोधतोय. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नदीत टाकून काय होतं? ते ज्यातून उगवलं तो नकाशा नदीत जात नाही. तो नवलच्या मोबाइलमध्ये आहे, जितेंद्रच्या आहे, आणखी कुणाकुणाच्या आहे देव जाणे, आणि गावोगाव अशी यंत्रं ठिबकचे कोपरे पाडत बसली आहेत. ती सगळी धरता येत नाहीत. कुणालाच येणार नाहीत. पण एक धरता येतं. एक बांध, एक अंगठा, उद्या दुपार. कायदा एवढासाच असेल तर एवढासा.

तो पाटाजवळ मांडी घालून बसला आणि पेन उचललं.

‘अहो!’ ज्योत्स्ना ओरडली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. ‘आज उचलतस नही ना! काय करी ऱ्हायनात तुम्ही?’

झेंडूचं फूल खाली पडलं. पेनाच्या टोपणाला हळद लागली होती, ती त्याच्या बोटांना आली. त्यानं दिनदर्शिकेचं मागचं कोरं पान फाडलं आणि लिहायला घेतलं, प्रति, पोलीस निरीक्षक. अक्षर नेहमीसारखं आलं, गोल, एका रेषेत. जितेंद्रचं नाव, गाव, वय, तारीख. रतिलालच्या जिवास उद्या दुपारी धोका. शस्त्राचा क्रमांक, तिथं त्यानं ‘नाही’ लिहिलं. अभिमन त्याच्या खांद्यावरून वाचत होता. ‘बस,’ तो म्हणाला, ‘इतलंच ठेवा. मी आत्तेच पारोळाले फोन करस, घंटाभरमा उचलतीन त्याले. कोनी बनाडं ते नका लिखू. नवलनं नाव नका लिखू, दाजी. पाया पडस.’

आणि खरोखरच ती जागा रिकामी सोडता आली असती. अशा रिकाम्या जागा त्यानं हजारो कागदांवर पाहिल्या होत्या. शस्त्र कोठून आणले: अज्ञात. त्या शब्दाची त्याला चीड होती. प्रत्येक अज्ञाताच्या मागं कुणाचातरी बाप बसलेला असेल, हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं. जितेंद्र पहिल्या थपडेला नाव सांगणारच, हे अभिमनला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. रिकामी जागा दोन तास टिकली असती. पण ते दोन तास त्याला हवे होते, हे खरं. इतके हवे होते की पेन जागेवरच थांबलं आणि शाईचा एक थेंब कागदावर पडला. मग त्याच्या डोळ्यांपुढं दुसरीच गोष्ट उभी राहिली. आज नाव टाळलं तर नवल वर जाईल, यंत्र नसेल तर दुसरं घेईल, पुन्हा कुणीतरी म्हणेल, तुझ्याच्यानं होणार नाही. आणि खाली अंघोळीला बसलेल्या बापाला ते हसणं ऐकून बरं वाटेल.

त्यानं लिहिलं, बनविणाऱ्याचे नाव, नवल. पुढं बापाचं नाव यायचं. शाळेच्या पहिल्या फॉर्मवर त्यानंच ते असं लिहिलं होतं, नवल मोतीलाल बोरसे, आणि आपलं नाव पोराच्या नावात मधोमध बसलेलं पाहून त्या दिवशी ऊर भरून आला होता. आता मोतीलाल लिहिताना त्याला वाटलं, हे आपण आपल्यालाच लिहितोय, आणि त्यात थोडा आधार होता. बोरसे लिहून झालं तेव्हा दाराबाहेर चपला वाजल्या.

नवल दारात आला. खांद्यावर बॅग, डोळे सुजलेले, तोंड प्रवासाच्या धुळीनं राखाडी. त्यानं मामाला पाहिलं, आईला पाहिलं, खाली बसलेल्या बापाला आणि बापाच्या हातातल्या पेनाला पाहिलं. त्याला सगळं समजलं. पण लहानपणापासूनची सवय अशी की पाट मांडलेला दिसला की वाकायचं. तो बॅग न काढताच गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पाटावर कपाळ टेकलं, विळ्यापुढं, अडकित्त्यापुढं, त्या काळ्या वस्तूपुढं. किती तरी वेळ वर उठलाच नाही. अभिमन पडवीत जाऊन फोनवर बोलायला लागला होता, आधी जितेंद्रचं नाव, मग गाव. त्यानंतरचं ऐकू येऊ नये म्हणून की काय, ज्योत्स्नानं स्वयंपाकघराकडं पाहिलं.

‘किती वेळमा येतीन पोलीस?’ तिनं नवऱ्याला विचारलं.

‘अर्धा तास.’

ती आत गेली. ताट मांडल्याचा आवाज आला, मग तुपाच्या भांड्याचा.

‘नवल,’ तिनं आतून हाक मारली, ‘हात धू. गरम शे तवर दोन पोळ्या खाई ले.’